डाव्या हातची साखर

साखर पांढरीशुभ्र होती, वाटी चांदीची होती आणि ती पुढे करणारी पाच वर्षांची बसव्वा नव्या परकर-पोलक्यात बाहुलीसारखी दिसत होती. चुकला होता तो फक्त हात. पण मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला बसलेल्या हिंदुराव पाटलांना नेमका तेवढाच दिसला. साखरेसाठी पुढे केलेली बोटं त्यांनी आखडून घेतली, एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे पाहिलं आणि गादीवर पसरलेल्या लुगड्यांच्या मधोमध ते उठून उभे राहिले.

"काय झालं, पाटील?" दुकानाचे मालक चनबसप्पा गडबडून म्हणाले. नात त्यांचीच होती, आणि बस्त्याला बसणाऱ्यांचं तोंड गोड करायला तिला हौसेनं बसवलं होतं तेही त्यांनीच.

"काय व्हायचं ऱ्हायलंय आता? लेकीचं लगीन हाय माज्या, आन् तुमी मला डाव्या हातची साखर चारताय?"

"लहान पोर हाय की, पाटील. तिला काय कळतंय?"

"तिला कळत न्हाय, तुमाला कळतंय न्हवं? ए, उटा गं समद्या! सोलापुरात काय एकच दुकान हाय व्हय?"

नवरीची आई उठली, आत्या उठली, मावशी उठली. मावशीच्या मांडीवर एक जांभळं इरकल होतं. ते तिनं खाली ठेवताना इतक्या जड मनानं ठेवलं की चनबसप्पांना त्या लुगड्यापेक्षा मावशीची दया आली. मग सगळं वऱ्हाड भवानी पेठेच्या भर उन्हात समोरच्या दुकानाची पायरी चढताना त्यांनी पाहिलं, आणि दयेची जागा संतापानं घेतली.

संताप हा चनबसप्पांच्या घरातला जुना आणि खात्रीचा माल. सकाळी पूजा, दुपारी जेवण, संध्याकाळी संताप, अशी त्यांची वहिवाट. आज तो दुपारीच निघाला. दुकानाच्या मागच्याच बाजूला घर होतं. बसव्वाला दंडाला धरून ते थेट चुलीपर्यंत गेले.

"कुणाचं वळण हे? आं? कुणाचं?"

सून शिवबाई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "काय केलं तिनं?"

"डाव्या हातानं साखर दिली! पाटील उठून गेले! आमच्या घराण्यात सात पिढ्यांत डावरं माणूस झालं नाही. हे तुमच्या मैंदर्गीचं हाय. माहेरचं!"

"माझ्या माहेरी सगळी उजवीच हायेत, मामा. बापूस, भाऊ, चुलते, झाडून सगळी."

"मग तिथल्या पाण्याचा गुण असंल!"

"पाणी तर ही जन्मल्यापासून सोलापूरचंच पितीय की."

कोपऱ्यात चनबसप्पांच्या थोरल्या बहीण सिद्धम्मा शेंगांची चटणी कुटत बसल्या होत्या. लहान वयात कपाळ पांढरं झाल्यापासून त्या याच घरात होत्या. दात गेलेले, कान गेल्यासारखे; म्हणजे त्यांना हवं तेवढं ऐकू यायचं. 'सात पिढ्या' हा शब्द आला तेव्हा त्यांचा बत्ता उखळाच्या वर थांबला. मग पुन्हा खाली आला. त्या थांबण्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, आणि जायला हवं होतं.

चनबसप्पांनी उपाय तिथल्या तिथे केला. पाटलांच्या पायाखाली चुरगळलेल्या लुगड्याचा काठ त्यांनी टरकावला आणि बसव्वाचा डावा हात तिच्या कमरेशी बांधून टाकला.

बसव्वाला आधी गंमत वाटली. "अव्वा, बघ की, अज्जानं माझा बस्ता बांधला!" म्हणत ती घरभर फिरली. जेवायला बसल्यावर गंमत संपली. उजव्या हातात घास होता, पण तो तोंडाचा पत्ता विसरला होता. आमटी कोपरावरून परकरात गेली, ताक पाटाखाली गेलं. शेवटी पोरीनं शक्कल काढली: वाकून ताटालाच तोंड लावलं.

"वासरू हाय काय हे?" चनबसप्पा ओरडले.

"हात सोडा, मामा, म्हणजे परत माणूस होईल."

"हात सुटणार नाही! उद्या हिला दाखवायचं म्हटलं तर पाहुण्यांना पोहे डाव्या हातानं देईल ही. कोण करून घेणार?"

"पाच वर्षांची हाय ती."

"आज पाच. उद्या?"

शिवबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. रेवणसिद्ध हा मान हलवणारा माणूस होता. बाप बोलला की बापाकडे मान हलवायची, बायको बोलली की बायकोकडे. दोघं एकदम बोलायला लागली की तो दुकानात जायचा. आताही त्याला दुकानात काहीतरी आठवलं.

असे काही दिवस गेले. सकाळी काठ बांधला जाई, निजताना सुटे. बसव्वा आता 'बस्ता' म्हणत नव्हती. मग एका दुपारी पान वाढलं तरी पोर आलीच नाही. हाका मारल्या, परसात पाहिलं, शेजारी पाहिलं. शेवटी ती दुकानाच्या माळ्यावर, लुगड्यांच्या गठ्ठ्यामागे सापडली. झोपली होती. गाल सुकले होते, आणि उजव्या हातानं तिनं तो बांधलेला डावा हात धरून ठेवला होता, एखादी पोर दुसऱ्या पोरीला धरून ठेवते तसा.

"भूक न्हाय," जागी झाल्यावर ती म्हणाली.

शिवबाईनं तिला खाली आणलं, चुलीपुढे बसवलं आणि काठाची गाठ सोडली. मग तोच काठ घेतला, स्वतःचा उजवा हात स्वतःच्या कमरेशी लावला आणि दातांनी ओढून गाठ पक्की केली.

त्या संध्याकाळी चनबसप्पांच्या ताटात जे पडलं त्याला भाकरी म्हणायला मोठं मन हवं होतं. तिला कड नव्हती, मध्य नव्हता. एक बाजू कोळसा, दुसरी पीठ. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, आणि चटणीत पडायचं राहिलं होतं.

"हे काय हाय?"

"भाकरी, मामा. डाव्या हातची. माझा चांगला हात बांधलाय न्हवं."

"का बांधलाय?"

"तिचा चांगला हात तुम्ही बांधला, तेव्हा मी विचारलं काय, का बांधला म्हणून?"

चनबसप्पांचा संताप घशापर्यंत आला, पण तिथे आधीच भाकरीचा तुकडा अडकला होता. दुसऱ्या दिवशीही तीच भाकरी. तिसऱ्या दिवशी रेवणसिद्धाची मान दोन्हीकडे हलेना, नुसती खाली गेली. मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या घरी बापलेक 'सहज आलो होतो' म्हणून जेवून आले, तेही वेगवेगळे. एक उठत होता तेव्हा दुसरा दारात उभा होता.

करपलेल्या वासावरून तिप्पण्णा आले. शेजारी त्यांचं सुताला लावायच्या रंगांचं दुकान होतं. पूर्वी कधीतरी पुण्याच्या इस्पितळात अंतर्गळाचं ऑपरेशन करून घेतल्यापासून त्यांना वैद्यकातलं सगळं कळत असे. त्यांनी बसव्वाला पाटावर बसवलं, समोर स्वतः बसले, कान ओढ म्हणाले, नाक धर म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली.

"चनबसप्पा, पोर डावरी नाहीच!"

"मग?"

"ती समोरच्याचं बघून करतीय. आरशागत! तुम्ही तिच्या समोर जेवायला बसता. तुमचा उजवा हात तिला कुठल्या बाजूला दिसतो? तिच्या डाव्या! पाटलांनी साखरेला उजवा हात पुढं केला, तोबी तिच्या डाव्या अंगाला. पोरीनं काय करावं? अं?"

"मग उपाय काय?"

"सोपा हाय. तुम्ही समोर बसून डाव्या हातानं जेवायचं. पोर आपोआप उजव्यानं जेवंल."

चनबसप्पा ताडकन उभे राहिले. "मी? मी डाव्या हातानं जेवू? ह्या घरात? लाज वाटत नाही सांगायला?"

"दार लावून जेवा की! कोण बघायलंय? महिनाभराचा प्रश्न. मी कुणाला बोलणार नाही. लिंगाची शपथ."

कर्त्या पुरुषानं नकार दिला असता. पण शिवबाईनं शांतपणे आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि परातीत पीठ घेतलं. चनबसप्पांनी ते पीठ पाहिलं आणि होकार दिला.

उपाय चालला. हे सांगताना वाईट वाटतं, कारण तिप्पण्णा त्यानंतर कायमचे डॉक्टर झाले. पण चालला खरा. दार लागलं, कडी पडली, चनबसप्पांनी चार दिशांना पाहून डावा हात ताटात घातला, आणि समोर बसलेल्या बसव्वानं थोडा विचार करून उजवा. घास तोंडात गेला. पुन्हा गेला. शिवबाईनं आपल्या हाताची गाठ सोडली. घरात बऱ्याच दिवसांनी गोल भाकरी झाली.

एक गोष्ट मात्र शिवबाईच्या नजरेतून सुटली नाही. एकदा मामा बाहेर गेले होते म्हणून रेवणसिद्धाला समोर बसवून डाव्या हातानं जेवायला लावलं, तर त्यानं पहिला घास मिशीला दिला आणि दुसरा कानाजवळून नेला. मामांचं तसं नव्हतं. भाकरी मोडावी, पुंडीपल्ल्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी गोळा करावी, अंगठ्यानं घास लोटावा. मनगटावर थेंब नाही, ताटाबाहेर शीत नाही. शिवाय त्यांची भूक वाढली होती. पूर्वी दुसऱ्या भाकरीला 'पुरे' म्हणणारा माणूस आता तिसरीकडे प्रेमानं पाहू लागला होता. शिवबाईनं हे सगळं मनातल्या मनात जमेला धरलं आणि वर तूप वाढलं.

अडचण झाली ती दारामुळे. सोलापुरात जेवायच्या वेळी कुणी दार लावत नाही. कुणी विरजणाला येतं, कुणी विस्तवाला येतं, कुणी नुसतंच काय शिजलंय ते बघायला येतं. शेजारची केराबाई यांपैकी तिसऱ्या कामासाठी विरजणाची वाटी घेऊन आली, तर दार बंद. तिनं वाटी खाली ठेवली आणि कान दाराला लावला.

आतून आवाज आला: "कडी नीट लागलीय न्हवं?"

"लागलीय, मामा."

"कुणाला दिसायचं नाही ना?"

"नाही दिसत. जेवा तुम्ही."

मग चनबसप्पांचा, साक्षात चनबसप्पांचा, तृप्त आवाज: "आहाहा! ह्या चवीनं जेवल्याला किती वर्षं झाली गं!"

केराबाई विरजण न घेता परत गेली. तिला आता विरजणाची गरज उरली नव्हती.

लिंगायताचं घर. कांदा-लसणापलीकडे ज्या चुलीला काही ठाऊक नाही असं घर. तिथे म्हातारा दार लावून, कडी घालून, कुणाला दिसू न देता जेवतो आणि आहाहा म्हणतो! सकाळी नळावर घागर भरेपर्यंत या हिशेबाची बेरीज झाली होती: अंडी. दुपारपर्यंत अंड्यातून कोंबडी निघाली. संध्याकाळी, कोंबडी नेमकी कोण आणून देतं यावर दोन पक्ष पडले.

लोक तिप्पण्णांकडे गेले. शेजारी ते, त्यांना माहीत असणारच. तिप्पण्णांनी छातीवर हात ठेवला.

"त्या दारामागं काय चाललंय ते मला पक्कं ठाऊक हाय," ते म्हणाले. "पण सांगणार नाही. शपथ घातलीय. एवढंच सांगतो, पुण्याचे डॉक्टरसुद्धा हेच सांगतात."

झालं! पुण्याचे डॉक्टर काय खायला सांगतात ते सगळ्या पेठेला माहीत होतं.

आणि एका दुपारी, चनबसप्पांचा डावा हात मनगटापर्यंत कामात असताना, कडी वाजली.

"कोण हाय? जेवायलोय! थोड्या वेळानं या!"

"मठातून आलोय," बाहेरून आवाज आला.

आत जे झालं ते कुणाच्या पूर्वजांनी पाहू नये असं होतं. मठाचे अय्या, घराण्याचे गुरू, ज्यांच्या पायाचं पाणी घरातली सगळी माणसं डोळ्यांना लावत, ते दारात! चनबसप्पा उठले, बसले, पुन्हा उठले, हाताला काही सापडेना म्हणून भाकरीची टोपली उचलून ताटावर उपडी घातली आणि तिच्यापुढे पाय फाकून उभे राहिले. रेवणसिद्ध दुकानात जायला निघाला, पण दुकानाचा रस्ताही त्याच दारातून होता. शिवबाईनं कडी काढली.

अय्या उंच, वाळलेले, भस्म लावलेले. मागे केराबाई, आणि केराबाईच्या मागे निम्मी गल्ली. प्रत्येकीच्या हातात विरजणाची वाटी.

"शरणु, अय्या, शरणु! बसा की. कळवलं असतं तर..." चनबसप्पांचा डावा हात पाठीमागे गेला होता.

"कळवलं असतं तर टोपली घालायची वेळ आली नसती," अय्या म्हणाले. "टोपली उचल, चनबसप्पा."

"काही नाही अय्या, साधं जेवण..."

"उचल म्हणतो न्हवं!"

टोपली उचलली गेली. गल्ली चवड्यांवर उभी राहिली. खाली दीड भाकरी होती, पुंडीपल्ल्याची भाजी होती, शेंगांची चटणी होती. अय्यांनी वाकून पाहिलं. केराबाईनं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि "एवढंच?" असं इतक्या दुःखानं म्हणाली की तिला स्वतःलाच लाज वाटली.

"मग दार कशाला लावतोस?" अय्यांनी विचारलं.

"दृष्ट लागती, अय्या..."

"भाजीला?"

"माणसाला लागती की," म्हणून चनबसप्पांनी समजावायला हात पुढे केला, आणि तो भाजीनं माखलेला होता, आणि तो डावा होता.

सगळी गल्ली त्या हाताकडे बघत राहिली. केराबाईच्या चेहऱ्यावर पुन्हा आशा उगवली.

अंड्याचा आळ की डाव्या हाताचा? चनबसप्पांनी व्यापाऱ्याच्या वेगानं दोन्हीकडचं नुकसान तोलून पाहिलं. मग सगळं सांगितलं: पाटील, साखर, तिप्पण्णा, आरसा. "नातीला उजवं करायला मी डावा झालो, अय्या! ह्या वयात! त्यागच म्हणा की!"

अय्यांनी त्यागाची नोंद घेतली नाही. त्यांनी बसव्वाला जवळ बोलावलं, आपला डावा तळहात पसरून तिच्यापुढे धरला. "ये बाळ. लिंगपूजेला हात कसा धरायचा? दाखव बघू."

बसव्वानं उजवा तळहात पसरला.

"तो नव्हे. दुसरा. ज्यावर देव बसतो तो."

बसव्वानं डावा हात पाठीमागे लपवला, अगदी मघाशी अज्जानं लपवला होता तसा. "तो न्हाय दाखवायचा."

"का गं?"

"तो घाण हाय. अज्जा त्याला बांधून टाकतोय."

अय्या सावकाश सरळ उभे राहिले. चनबसप्पांना आजवर आपल्याच संतापाची ओळख होती. दुसऱ्याचा बघायची त्यांची ही पहिली वेळ.

"चनबसप्पा, रोज सकाळी तू लिंग कुठं ठेवतोस?"

"डाव्या तळहातावर, अय्या."

"आणि उजवा हात काय करतो?"

"फूल वाहतो. विभूती लावतो."

"म्हणजे देव ज्या जागेवर बसतो ती जागा घाण, आणि तिथं फूल टाकून जाणारा गडी तेवढा सोवळा? आणि असल्या हाताला तू दावं लावलंस? पोरीच्या?"

"पण अय्या," चनबसप्पा कळवळून म्हणाले, "जेवायचा, द्यायचा हात उजवा, ही रीत हाय की! आमच्या घराण्यात सात पिढ्यांत एक माणूस डावरं झालं नाही. हे मैंदर्गीकडनं आलंय. माझ्यात काय खोट हाय सांगा!"

कोपऱ्यात बत्ता थांबला. या वेळी तो खाली आला नाही. बाजूला ठेवला गेला.

"मी सांगते की," सिद्धम्मा म्हणाल्या. त्यांनी आपला उजवा हात बाहेर काढला आणि पदर कोपरावर सारला. अंगठ्याच्या मुळाशी जुन्या, पांढऱ्या पडलेल्या दातांची चंद्रकोर होती. "हे बघा, अय्या. हे दात ह्याचे. आमचा बाप ह्याचा डावा हात गोठ्यातल्या खुंटीला बांधायचा. मी घास भरवायला गेले की हा मला चावायचा. लई चावरा होता. दोन वर्षं बांधला, तेव्हा कुठं उजवा झाला."

सगळ्या गल्लीच्या माना चनबसप्पांकडे वळल्या.

"अक्का!" चनबसप्पांचा आवाज फाटला. "आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलंय? तू मैंदर्गीलाच विचारत बसलास."

चनबसप्पांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. भाजी वाळत आली होती. त्यांना बहुधा ती खुंटी आठवली असावी, कारण उजव्या हातानं ते डावं मनगट चोळू लागले. बसव्वा हळूच जवळ आली आणि तिनं तो खरकटा हात धरला. आपल्या डाव्या हातानं.

अय्यांनी निकाल दिला. "आजपासून हे दार उघडं राहील. ज्याचा घास ज्या हातानं जातो, त्यानं त्या हातानं जेवायचं. आणि कुणाचा हात बांधलेला दिसला तर मी मठातून दावं घेऊन येईन, बांधणाऱ्यासाठी." मग ते पाटावर बसले. "वाढ, शिवबाई. भाजीचा वास चांगला सुटलाय."

हिंदुराव पाटील त्यानंतर काही दिवसांनी परत आले. सगळ्या पेठा फिरून झाल्या होत्या, आणि मावशी त्या जांभळ्या इरकलाशिवाय लग्नाला यायला तयार नव्हती. पाटील गादीच्या टोकाला बसले. "साकर नको. तेवडं लुगडं द्या आन् बाकीचा बस्ता दावा."

"साखर घेतल्याशिवाय ह्या दुकानात बस्ता निघत नाही," चनबसप्पा म्हणाले. "बसव्वा! वाटी आण!"

"आवो, पर त्यो हात..."

"काय झालं हाताला?" चनबसप्पा असे उसळले की गठ्ठे हलले. "आमचा देव डाव्या हातावर बसतो, पाटील! तुमची बोटं काय देवापेक्षा मोठी लागून गेली? घ्यायची तर घ्या, नाही तर समोर दुकान हाय!"

पाटलांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं इरकलाकडे पाहिलं. पाटलांनी मुकाट्यानं उजवा हात पुढे केला, बसव्वानं डाव्या हातानं साखर ठेवली, आणि बस्ता निघाला.

त्या दुपारी चनबसप्पा विजयी मुद्रेनं जेवायला बसले. दार सताड उघडं होतं. केराबाई उंबऱ्यात होती, तिप्पण्णा ओसरीवर होते. चनबसप्पांनी सगळ्यांच्या देखत, आता कुणाची भीती आहे म्हणत, डावा हात भाकरीला घातला. समोर बसव्वा बसली होती. तिनं अज्जाच्या हाताकडे नीट पाहिलं, आणि उजव्या हातानं भाकरी मोडली.

चनबसप्पांचा घास हवेतच राहिला.

"ए! ए पोरी! उजव्या हातानं जेवायलीस? तुला अय्यांनी एवढी मोकळीक दिलीय, मी पाटलाशी भांडलोय, आणि तू उजव्या हातानं? काढ तो हात ताटातून! कुणाचं वळण हे? आं? ह्या घराण्याचं तर नाही!"

शिवबाई तूप वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही.

"नव्हेच की, मामा," ती म्हणाली. "सांगितलं होतं न्हवं? माझ्या माहेरी सगळी उजवीच हायेत."